कडब्याचा रकाना

प्रश्न विचारणारा तरुण पुण्यातली नोकरी सोडून मराठवाड्यातल्या आपल्या गावी आलाय. घरची सहा एकर शेती, त्यातली चार एकर भारी काळी, दोन एकर हलकी मुरमाड. एक बैलजोडी, एक गाय, एक विहीर, ती फेब्रुवारीत तळाला जाते. वर्षभराचा पीकवार हिशेब त्यानं वहीत मांडला आणि पानांचे फोटो पाठवले. त्याचं म्हणणं असं: ज्वारी जवळजवळ तोट्यात आहे, बैल तर सरळ तोट्यात आहेत, वडील मात्र दोन्ही सोडायला तयार नाहीत. बैल विकून सगळ्या रानात सोयाबीन आणि त्यावर हरभरा करावा का? की बोअर मारून एक एकर ऊस लावावा? वडिलांचं चुकतंय की माझं?

आधी सांगतो की वही मांडली हेच मोठं काम केलंत. मी चौतीस वर्षं कोरडवाहू शेती करतोय आणि पहिली दहा वर्षं माझ्याकडे वही नव्हती, फक्त दुकानदाराची उधारीची चिठ्ठी होती. पण तुमच्या वहीत एक गडबड आहे. ज्वारीच्या पानावर तुम्ही उत्पन्न धरलंय ९ क्विंटल, भाव ३,००० रुपये, म्हणजे २७,०००. खर्च २५,५००. उरले दीड हजार. आता बैलांचं पान काढा. त्यात वैरणीचा खर्च ३८,००० आहे, आणि खाली तुमच्याच अक्षरात लिहिलंय की त्यातला २४,००० चा कडबा घरचा, बाजारभावानं धरला. हा घरचा कडबा, म्हणजे ज्वारीची वाळलेली ताटं, आला कुठून? त्याच दोन एकर ज्वारीतून. बैलांच्या पानावर तो खर्च म्हणून चढला आणि ज्वारीच्या पानावर कडब्याचा रकानाच नाही. म्हणजे वर्षाचा एकूण नफा वहीत २४,००० रुपयांनी कमी दिसतोय, आणि दोषी ठरलेत ज्वारी आणि बैल, दोघंही.

अजून एक. त्या ९ क्विंटलमधली ६ क्विंटल तुम्ही घरी खाल्ली. ती तुम्ही विकायच्या भावानं धरलीत. घरात जे खाल्लं जातं त्याला विकत घ्यायचा भाव लावायचा असतो, कारण ज्वारी लावली नाही तर तुम्ही आडतीवर नाही, किराणा दुकानात उभे राहणार आहात. तिथं ४५ रुपये किलोनं घ्यावी लागली तर ६ क्विंटलमागे ९,००० चा फरक पडतो. आता बेरीज करा: २७ अधिक २४ अधिक ९, साठ हजार. खर्च वजा जाता ३४,५००, म्हणजे एकरी १७ हजारांच्या वर. तुमच्या सोयाबीनच्या पानावर एकरी १४,४०० आहेत.

यावरून ज्वारी जिंकली असं मी म्हणत नाही. सोयाबीन काढून तुम्ही त्याच रानात हरभरा घेता, आणि वडील ज्वारीचं रान खरिपात मोकळं ठेवतात, त्यामुळे दोन पिकांची बेरीज केली तर सोयाबीन-हरभरा पुढे जातो. म्हणायचं इतकंच की पीकवार पानं करून शेत कळत नाही. एका पिकाचा टाकाऊ भाग दुसऱ्याचा कच्चा माल असतो, आणि वही दर पानावर बंद होते. शेत पानांच्या मधल्या जागेत चाललेलं असतं.

आता बैल. बैलांच्या पानावर उत्पन्न तुम्ही शून्य टाकलंय. कुळवाच्या पाळ्या, दोन्ही हंगामांची पेरणी, सोयाबीनच्या दोन कोळपण्या, ज्वारीची कोळपणी, खत-माल वाहणं, हे सगळं भाड्यानं केलं असतं तर आमच्याकडच्या दरानं सहा एकरांना २५ ते २८ हजार लागले असते. तुमचा बैलांवरचा रोख खर्च, घरचा कडबा वगळला तर, २३ हजार आहे (१४ हजारांची विकतची वैरण, आणि पेंड, नालबंदी, औषधपाणी मिळून ९ हजार). शेणखत अजून धरलेलंच नाही.

पण भाड्याचा हा हिशेबही पुरा नाही, कारण काळ्या रानात काम किती झालं यापेक्षा कधी झालं याला किंमत असते. आपली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि चिकटते, वाळली की भेगाळते आणि दगड होते. या दोन्हींच्या मधे वाफसा असतो, म्हणजे माती ना चिकट ना दगड, औत चालेल अशी. जूनमधल्या चांगल्या पावसानंतर भारी रानात तो दोन-तीन दिवस मिळतो. त्या दोन-तीन दिवसांत गावातल्या प्रत्येकाला ट्रॅक्टर हवा असतो आणि गावात ट्रॅक्टर असतात मोजके. ट्रॅक्टरवाला आधी पंचवीस एकरवाल्याकडे जातो, त्याचंही पोट आहे. सहा एकरवाल्याचा नंबर पाचव्या दिवशी लागतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी बैल विकून चार वर्षं बिनबैलांची शेती केली. पहिल्याच वर्षी ज्यानं शब्द दिला होता तो सहाव्या दिवशी आला, तोवर रान वाळलं होतं, आणि दुसऱ्या पावसाची वाट पाहण्यात बारा दिवस गेले. बारा दिवस उशिरा पेरलेलं सोयाबीन शेंगा भरायच्या वेळी सप्टेंबरच्या उघडिपीत सापडलं. शेजारच्या बांधापलीकडे सात-आठ क्विंटलचा उतारा आला आणि मला साडेचार. ट्रॅक्टरचं भाडं वहीत आलं, ते गेलेले अडीच-साडेतीन क्विंटल मात्र कुठल्याच पानावर आले नाहीत.

दुसऱ्या वर्षी अजून एक गोष्ट झाली, जी मला कोणी सांगितली नव्हती. बांध वाढले. बैल होते तेव्हा श्रावण-भाद्रपदात रोज सकाळी बांधावरचं गवत कापून आणायचं काम असायचं. आई आणि बायको ते करायच्या, आम्हाला ते वैरण आणणं वाटायचं. बैल गेल्यावर गवत कापायचं कारणच उरलं नाही. गवत पिकलं, बी पडलं, कुंदा आणि हरळी बांधावरून खाली उतरली, गाजरगवत आलं, त्याच्या आडोशाला उंदीर आले. तिसऱ्या वर्षी माझा तणनाशकाचा खर्च दुप्पट झाला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की बांधावरचं गवत कापणं ही माझी निम्मी निंदणी होती. ती फुकट होत होती म्हणून दिसत नव्हती.

आणि तणनाशक आलं की तेही एकटं येत नाही. सोयाबीनमध्ये चालणारी काही तणनाशकं जमिनीत महिनोन्‌महिने टिकतात, पाऊस कमी पडला तर जास्तच. त्या रानात पुढे ज्वारी घ्यायची असेल तर ती पिवळी पडून बसू शकते. पुड्यावरची पुढच्या पिकाची अट दुकानदार वाचून दाखवत नाही. तुम्ही वाचा.

शेणखताबद्दल मात्र मी वडिलांची बाजू घेणार नाही, कारण त्यात भावनेचा भाग फार असतो. सरळ गणित करू. दोन बैल आणि एक गाय मिळून दिवसाला साधारण ३० किलो ओलं शेण, वर्षाला ११ टन. यात ८० टक्के पाणी. काही रानात पडतं, काही गोवऱ्यांना जातं, गव्हाणीतला उष्टा चारा त्यात मिसळतो, आणि कुजून हाती येतं सुमारे ४ टन, म्हणजे आपल्या आठ गाड्या. चांगल्या शेणखतात नत्र असतं अर्धा टक्का. चार टनांत २० किलो. युरियाच्या एका गोणीत ४५ किलो युरिया आणि त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे २०.७ किलो. म्हणजे तीन जनावरांचं वर्षभराचं शेण, नत्राच्या हिशेबानं, २६६ रुपये ५० पैशांच्या एका गोणीइतकं भरतं.

हे ऐकून माझे वडील दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. पण हिशेब खोटा नाही. शेणखत नत्रासाठी टाकायचंच नसतं. ते टाकायचं ते मातीचा पोत टिकावा म्हणून, पाऊस आत मुरावा आणि टाकलेली ती युरियाची गोणी वाहून न जाता मुळांजवळ थांबावी म्हणून. शेणखत बंद केल्यावर पहिल्या वर्षी काही होत नाही, दुसऱ्या वर्षीही फारसं नाही. तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतं की पूर्वी जी उघडीप पीक सोसायचं, तितक्याच उघडिपीत ते आता दुपारी माना टाकतंय. तोवर आपण दोष पावसाला देऊन मोकळे झालेले असतो.

आठ गाड्या सहा एकरांवर पसरायच्या नाहीत. एकरी चार गाड्यांनी दरवर्षी दोन एकर धरायचे, चौथ्या वर्षी फिरून पहिल्या तुकड्यावर यायचं. आणि तुमच्या पहिल्या फोटोत गोठ्यामागे उकिरडा दिसतोय, उघडा, उताराला. अर्धं नत्र तिथूनच उडतंय आणि पावसाळ्यात काळं पाणी ओढ्याला जातंय. तीन फूट खोल खड्डा घ्या, थर दिला की वर माती टाका. कच्चं खत रानात नेऊ नका, मुळं खाणारी हुमणी अळी त्याच्यासोबत येते. तेव्हा वडिलांचं चुकतंय कुठे असं विचारलंत तर ते इथे. ज्वारी आणि बैलांबाबत त्यांचं बरोबर आहे, फक्त त्यांना ते वहीच्या भाषेत सांगता येत नाही.

आता तुमचा मुख्य बेत, सगळीकडे सोयाबीन. लोक सोयाबीनकडे का गेले हे मला कळतं, मीही गेलो. शंभर दिवसांचं पीक, मळणीयंत्रात टाकलं की पोत्यात, आडतीवर नेलं की त्याच दिवशी पैसे. ज्वारीची काढणी म्हणजे कंबरडं मोडणं, आणि ते कंबरडं बहुतेक वेळा बाईचं असतं. त्यात ज्वारी एकट्यानं लावली की पाखरं आलीच. पूर्वी शिवारात शेकडो एकर ज्वारी असायची, पाखरांनी खाल्लेलं कळायचं नाही. आता सगळ्या शिवारात दोनच एकर असली की तेवढीच पाखरं त्या दोन एकरांवर उतरतात. म्हणजे शेजाऱ्यानं ज्वारी सोडली की तुमची महाग होते, तुम्ही काहीही बदललेलं नसताना.

किडींचंही असंच. सोयाबीनमध्ये फार नाही, पण तूर आणि हरभऱ्यात बघा. तुरीत आपण जिला शेंगा पोखरणारी अळी म्हणतो, हरभऱ्यात घाटेअळी आणि कपाशीत हिरवी बोंडअळी, ती एकच अळी आहे. एकाच पतंगाची पोरं. ती कपाशीवरून तुरीवर, तुरीवरून हरभऱ्यावर असा वर्षाचा फेरा करते, आणि आपण तीन नावांनी तीन औषधं आणतो. उलट गुलाबी बोंडअळी कपाशीवरच जगते, म्हणून डिसेंबरात पऱ्हाट्या उपटल्या आणि पाच-सहा महिने शिवारात कपाशीच ठेवली नाही तर तिची साखळी तुटते. पण गावात दहा जणांनी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपल्यावरही कपाशी उभीच ठेवली, तर अकराव्यानं उपटून उपयोग नाही. २०१७ साली गुलाबी अळीनं कपाशीचे जे हाल केले त्यात फरदडीचा हात मोठा होता. तुमचं शेत सातबाऱ्यावर सहा एकर असलं तरी किडीच्या लेखी ते सगळं शिवारच आहे.

बरं, सोयाबीन जमिनीला नत्र देतं असं तुम्ही लिहिलंय. अर्धं खरं. मुळांवरच्या गाठी हवेतून नत्र ओढतात, पिकाच्या गरजेच्या साधारण निम्मं ते साठ टक्के. पण दाण्यात ४० टक्के प्रथिनं असतात. एकरी ८ क्विंटल दाणा रानाबाहेर गेला की त्याच्यासोबत सुमारे ५० किलो नत्र जातं, आणि हवेतून आलेलं तेवढं भरत नाही. उरलेलं मातीतून गेलं. वर मळणीनंतरचं भुस्कट बांधावर पेटवलं तर पालाशाची राख एकाच जागी पडते आणि बाकीचा धूर होतो. गळालेला पाला रानात राहतो, तेवढाच काय तो परतावा. भुस्कट जनावरं नाखुशीनं खातात. ते खड्ड्यात शेणासोबत घाला किंवा हरभऱ्याच्या ओळींमधे पसरा.

सोयाबीनवर सोयाबीन घेत गेलात तर चक्रीभुंगा, खोडमाशी, मूळकूज दरवर्षी तिथंच मुक्कामाला असतात. पण माझी मोठी हरकत वेगळी आहे. सगळं एकाच दहा दिवसांत काढणीला येतं. त्याच दहा दिवसांत सगळ्या गावाचं येतं. मजुरी चढते, आणि परतीचा पाऊसही बरोबर तेव्हाच येतो. माल ओला जातो. खरेदीची मर्यादा १२ टक्के ओलाव्याची असते, आडतीवर ओलाव्याच्या नावानं भाव पडतो. पैसे हवे असतात, कारण बी-खत ज्या दुकानातून उधार आणलं त्याचाच माणूस आडतीवर उभा असतो. २०२४-२५ साठी हमीभाव ४,८९२ रुपये होता, आणि त्या हंगामात बाजारात बराच माल त्याखाली गेला.

हा भाव गावात ठरत नाही, लातूरच्या बाजारातही पूर्ण ठरत नाही. शंभर किलो सोयाबीन गाळलं की तेल निघतं अठरा किलोच्या आसपास, बाकी सगळी पेंड. म्हणजे सोयाबीन हे तेलबियांमधलं पेंडीचं पीक आहे, आणि पेंड कोंबड्या खातात. २०२१ च्या उन्हाळ्यानंतर भाव दहा हजारांवर गेला तेव्हा कुक्कुटपालनवाले ओरडले, ऑगस्टमध्ये सरकारनं १२ लाख टन पेंड आयात करायला परवानगी दिली, डिसेंबरमध्ये सोयाबीनचे वायदे व्यवहार बंद केले. आपला माल त्यामधल्या काळात बाजारात आला. बाहेरून पामतेल किती येतं, ब्राझील-अर्जेंटिनात किती पिकलं, यावर तुमच्या पोत्याचा भाव हलतो. हे तुम्हाला बदलता येणार नाही. तुमच्या हातात इतकंच आहे की ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात विकायची गरज पडू नये. त्यासाठी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे: बाजार समितीच्या गोदामात माल ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्क्यांनी सहा महिन्यांसाठी मिळतं. पण तारण ठेवण्याइतका कोरडा माल आणि तोवर घर चालवण्याइतका दुसरा पैसा, दोन्ही लागतं. दुसरा पैसा येतो दुसऱ्या पिकातून. म्हणून मुगाचं रान एक एकर जरी असलं तरी मी ते सोडत नाही. मूग पासष्ट दिवसांत निघतो, ऑगस्टअखेर चार पैसे हातात देतो, आणि त्याच पैशातून सोयाबीन काढणाऱ्यांची मजुरी निघते.

उसाचं एका परिच्छेदात संपवतो. एक एकरावर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे ४,०४७ लिटर. आपल्याकडे वर्षाला ७०० मिमी धरला तर एकरी २८ लाख लिटर. पाटपाण्यावरच्या उसाला वर्षाला २,००० ते २,५०० मिमी लागतं, म्हणजे एकरी ८० लाख ते एक कोटी लिटर. तुमच्या एका एकर उसाला तीन-साडेतीन एकरांवरचा सगळाच्या सगळा पाऊस लागणार, एक थेंब वाहून गेला नाही, एक थेंब उडाला नाही असं धरून. आणि खाली काळा पाषाण. त्यात पाणी असतं ते भेगांमधे आणि वरच्या मुरमात, वाळूसारखं भरून राहिलेलं नसतं. बोअरला पाणी लागलं तर बहुतेक ते तुमच्याच विहिरीचं किंवा शेजाऱ्याच्या विहिरीचं असतं, खालून ओढलेलं. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली तेव्हा नियम असा होता: पाणी माणशी अर्ध्या एकराला, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराला, भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस नाही. त्यांनी पाणी जमिनीला न देता माणसाला दिलं. हिवरे बाजार या गावातही ऊस-केळी आणि शेतीसाठी बोअर बंद ठेवूनच पुढचं सगळं जमलं. बोअरचे पैसे बाजूला ठेवा.

खरी टाकी तुमच्याकडे आहे, ती तुम्ही धरलेली नाही. एक मीटर खोल भारी काळी माती १५० ते २०० मिमी पाणी पिकाला देण्यासारखं साठवते. एकरी ६ ते ८ लाख लिटर. चार एकरांची बेरीज तुम्ही करा, तुमच्या विहिरीत एवढं पाणी कधी नसतं. हलक्या रानात हीच टाकी ३०-४० मिमीची. म्हणून रब्बी ज्वारी भारी रानात, हस्ताच्या पावसावर, आणि मग चार महिने वरून थेंब न पडता ती पिकते. वडील खरिपात रान मोकळं ठेवून कुळवत राहतात ते ही टाकी भरायला. त्यांच्या पद्धतीत एक दुरुस्ती करता येते. पाऊस वेळेवर आला तर त्या दोन एकरांत मूग घ्या, निघाला की कुळवाची पाळी देऊन हस्तात मालदांडी ज्वारी पेरा. जून कोरडा गेला तर मूग सोडून द्या, रान मोकळं ठेवा. मूग उशिरा पेरलात तर तो ज्वारीची पेरणीही खातो आणि ओलही.

उरलेल्या दोन भारी एकरांत सोयाबीन, त्यावर हरभरा. पुढच्या वर्षी दोन्ही तुकड्यांची अदलाबदल. हलक्या दोन एकरांत बाजरी आणि तूर. बाजरी लवकर निघते, सरमाड, म्हणजे तिची वाळलेली ताटं, जनावरांना होतं, तूर जानेवारीपर्यंत मुळं खाली सोडून उभी राहते आणि पाला गाळते. विहिरीचं पाणी एकाच पिकावर ओतायचं नाही. हरभऱ्याला फुलोऱ्यात एक तुषार पाळी ३० मिमीची, म्हणजे एकरी सव्वा लाख लिटरच्या आत. तुमची विहीर जानेवारीत दोन एकरांना तेवढं देईल, एखादी पाळी ज्वारीलाही, कणीस बाहेर पडायच्या आधी पोटरीत असताना. तेच पाणी अर्धा एकर उसाला महिना-दीड महिन्याच्या पुढे पुरणार नाही.

यातून पैसा पाच वेळा येतो: मूग, सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारी. काम पाच वेळा विभागलं जातं. एखादं पीक गेलं तर बाकीची असतात. नुकसान काय? एखाद्या वर्षी सोयाबीन दहा हजारांवर जाईल तेव्हा तुमच्याकडे ते दोनच एकर असेल आणि शेजारी मिशीला पीळ देईल. तेवढं सोसावं लागेल.

राहिले बैल. खरं सांगायचं तर सहा एकरांना पूर्ण जोडी जास्तच होते. वर्षातले साठ-सत्तर दिवस काम आणि तीनशे दिवस बसून खाणं. मी चार वर्षांनी बैल पुन्हा आणला तो एकच. दुसरा माझ्या बांधाशेजारच्याचा. याला आमच्याकडे वारंगुळा म्हणतात, काही ठिकाणी सावड म्हणतील. दोघांचे दोन बैल मिळून जोड, वाफसा आला की एक दिवस त्याचं रान, एक दिवस माझं. पुढच्या पावसाला पहिला मान दुसऱ्याचा. वैरण निम्मी झाली. भांडणं होतात, जूनमध्ये होतातच, पण ट्रॅक्टरवाल्याच्या दारात उभं राहण्यापेक्षा ती परवडतात. नांगरटीला मात्र ट्रॅक्टर घ्या, तीन वर्षांतून एकदा, दरवर्षी नको. आणि गाईची वाढ करा. बैलाच्या जागी दुसरी गाय आली तर शेण तेवढंच राहतं, बांधही कापले जातात आणि आठवड्याला दुधाचे पैसे येतात. मात्र त्यासाठी हिरवा चारा लागेल, दहा गुंठे विहिरीजवळ. हे गणित आईला विचारून करा, कारण धारा तुम्ही काढणार नाही.

तुमच्या चुलत्यांचा बांध लागून आहे असं तुम्ही लिहिलंय. त्यांच्याकडे काय आहे, बैल की ट्रॅक्टर, ते लिहिलं नाहीत. आणि बोलाचाली आहे की नाही, तेही. ते कळल्याशिवाय बैल विकू नका.

तोवर घरच्या कोठीतलं सोयाबीन काढा. सोयाबीन सरळ वाणाचं असतं, कपाशीच्या संकरित बियाण्यासारखं दरवर्षी विकत आणायची गरज नाही, घरचं तीन वर्षं चालतं. फक्त त्याचं टरफल नाजूक, पोती आपटली की अंकुर मरतो. सरसकट शंभर दाणे मोजून घ्या, निवडून नको. गोणपाटाचा तुकडा भिजवून त्यावर दहा-दहाच्या दहा ओळी मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सहाव्या-सातव्या दिवशी उघडून मोजा. सत्तर किंवा जास्त उगवले तर एकरी २६ ते ३० किलोनं पेरा. साठ-पासष्ट असतील तर त्या प्रमाणात बी वाढवा. त्याहून कमी असेल तर ते आडतीवर द्या आणि शेजाऱ्याच्या कोठीतलं बघा. आणि काही झालं तरी ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, मृगाचा पहिला शिडकावा कितीही गोड लागला तरी. दुबार पेरणीचं पान तुमच्या वहीत अजून नाही, माझ्या वहीत तीन आहेत.